राखकोट आणि नागपूरचे निनादराव

११ जानेवारी २०२६

"माऊली खोलीत एकटाच भिंतीबद्दल बोलत बसतो," असं आज ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "कुटल्या भिंतीबद्दल? वल आली का काय?"

आमचे हे, म्हणजे महिपतराव, कुसगावात मुंबईवाल्यांचे बंगले सांभाळतात. भिंत म्हटली की ह्यांना ओल आणि प्लास्टर आठवतं. पोरगा दिवाळीपासून कंपनीत गेलेला नाही. आमच्याशी 'हं' आणि 'नको' यापलीकडे बोलत नाही. ताट दाराशी ठेवावं लागतं. आणि हे ओल शोधायला उठले! घराच्या मागून चक्कर मारून आले आणि म्हणाले, "भित खणखणीत हाय."

मी स्वयंपाकघरातून कान लावते. आमच्याशी न बोलणारा माऊली आत तासभर बोलतो. छान, समजावून, मास्तरांसारखा. आज एवढं कळलं : "भिंत कोणापासून वाचायला बांधली, हे नंतर बघू. आधी ती कशाची बांधली ते बघा."

हे कुणापाशी बोलावं ते सुचेना. पुतणी कोमलने तिला बक्षीस मिळालेली डायरी दिली. "काकू, यात लिहा, डोकं हलकं होतं." बघू.

१३ जानेवारी

कोमलने शोधून काढलं. माऊलीचं यूट्यूबवर चॅनल आहे, नाव 'कोटाच्या आत'. तोंड दाखवत नाही, नाव सांगत नाही, पण पोटच्या पोराचा आवाज मी ओळखणार नाही होय? एका जपानी कार्टूनवर बोलतो. कार्टून म्हटल्यावर कोमल चिडली, ॲनिमे म्हणायचं असतं. मालिकेचं जपानी नाव म्हणायला गेलं की शिंक आल्यासारखं होतं. माऊली तिला 'राखकोट' म्हणतो, तेच बरं.

"तुम्ही बघताय हे त्याला कळू देऊ नका," कोमल म्हणाली. "सगळं बंद करून टाकेल."

म्हणजे पोरगा साऱ्या जगाशी बोलणार आणि आईने चोरून ऐकायचं. चालेल.

१८ जानेवारी

रविवारी बंगल्यांवरच्या पाहुण्यांसाठी पोहे-उपम्याच्या ऑर्डरी असतात. कांदे चिरता चिरता राखकोटाचे भाग बघितले, हिंदीतले. डोळ्यांना पाणी आलं ते कांद्याचं.

एक शहर आहे. भोवती आभाळाला भिडलेली भिंत. शहरात कुणी मेलं की त्याची राख चुन्यात कालवून भिंतीला लिंपतात. म्हणजे वाडवडीलच भिंत होऊन राखण करतात, असं लोक मानतात. बाहेर 'मुके' फिरतात. दिसतात माणसासारखेच, पण तोंडाच्या जागी नुसती सपाट कातडी. ते सारखे भिंतीला हात घासत चालतात. आतल्या लोकांना वाटतं, भिंत फोडायला बघतायत.

माऊली म्हणतो, जिवंत माणसं मेलेल्यांच्या आड लपली की भिंत उंच होते आणि माणसं बुटकी. हे वाक्य मला आवडलं. पण मेलेल्यांना मेल्यावर तरी कामाला लावू नये असं माझं मत. सासूबाईंना भिंतीत लिंपलं असतं तर तिथूनही त्यांनी मला हाका मारल्या असत्या.

आणखी एक. एवढं मोठं शहर, पण एकाही पात्राला आई नाही. स्वयंपाक कोण करतं काही कळत नाही.

२१ जानेवारी

कोमलने मला खातं काढून दिलं, व्हिडिओखाली लिहिता येतं. बाईमाणूस, त्यात लोणावळ्याकडची, म्हटलं की माऊलीला संशय येईल. म्हणून मी पुरुष झाले आणि नागपूरला गेले. नाव घेतलं निनादराव नागपूरकर. नागपूर मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, त्यामुळे माझ्यावर शंका यायचं कारणच नाही.

लिहिलं : 'आपण फार छान समजावता. पण भिंतीतल्या जंग्यांबद्दल बोलला नाहीत. आमच्या लोहगडाच्या जंग्या बाहेर रोखलेल्या आहेत. या कोटाच्या कशा आहेत? वेळेवर जेवत जा.'

कोमलने डोक्याला हात लावला. म्हणाली, नागपूरचा माणूस लोहगडाला 'आमचा' कशाला म्हणेल? पण तोवर गेलं होतं. आणि गड काय, सगळ्यांचेच असतात.

दुपारी उत्तर आलं. 'निनादराव, प्रश्न भारी आहे, त्यावर पूर्ण भाग करतो. जेवलो. आमटी खारट होती.'

असा राग आला! आमटी खारट आहे हे आईला सांगायचं नाही आणि नागपूरच्या परक्या माणसाला सांगायचं! संध्याकाळी मीठ बेताने टाकलं. ताट लख्ख होऊन बाहेर आलं.

२८ जानेवारी

जंग्यांवरचा भाग आला. सुरुवातीलाच 'आपले निनादराव' म्हणाला. मी दोनदा ऐकलं.

जंगी म्हणजे तटातलं तिरकं भोक, बंदूक रोखायला. कुठल्याही किल्ल्याची जंगी शत्रूकडे बघते. माऊलीने चित्र थांबवून दाखवलं, राखकोटाच्या जंग्या शहराकडे बघतात. भिंत बाहेरच्यांना अडवतच नाही. आतलं कोण काय बोलतं त्यावर तिचा डोळा आहे. "म्हणून तिथं कुणी खरं बोलत नाही," तो म्हणाला, "आणि सगळे म्हणतात, भिंतीमुळे आपण सुखात आहोत." मग भाग तिथेच तोडला. मला वाटलं नेट गेलं.

जेवताना ह्यांना सांगितलं, भिंत आतल्या माणसावर नजर ठेवते.

"मंग खिडकी मोठी काढायची," हे म्हणाले.

४ फेब्रुवारी

लोणावळ्याच्या बाजारात गंगी भेटली. वरच्या ठाकरवाडीतली. दर वर्षी आवळे घेऊन आमच्या अंगणात यायची, यंदा फिरकलीच नाही. मला वाटलं आवळ्यांच्या भावावरून रुसली असेल. तिचा हृतिक आणि आमचा माऊली शाळेपासूनचे मित्र. नवलाख उंबरे गावाजवळच्या कंपनीत माऊली लाइनवर देखरेखीला लागला, त्यानेच हृतिकला तिथे चिकटवलं. दिवाळीच्या आधी प्रेस मशीनमध्ये हृतिकच्या उजव्या हाताची बोटं गेली. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळी असते, तिला गार्ड म्हणतात. ती त्याने स्वतःच काढली होती असं कंपनीत ठरलं, आणि त्याला काढून टाकलं.

मी म्हटलं, "गंगे, वाईट झालं बाई. पण पोरं काळजी घेत न्हाईत गं. जाळी कशाला काढायची?"

गंगीने शेंगांचं माप खाली ठेवलं. मग म्हणाली, "माऊलीला इचारा, वैनी. त्याला ठावं आसंल." आणि पाटी उचलून गेली. शेंगा घेत होते त्याही दिल्या नाहीत.

माऊलीला काय विचारायचं? तो बिचारा मित्राच्या दुःखानेच तर खोलीत बसलाय. गंगीला मात्र त्याचं काही नाही. लोकांना दुसऱ्याच्या घरातलं दिसतच नाही.

१२ फेब्रुवारी

माऊलीने आता पहारेकऱ्याचं पात्र धरलंय. पहिल्या भागानंतर दुसरा, आज तिसरा. बाकी पात्रं ओस पडली.

गोष्ट अशी. भिंतीला एक लहान दार आहे, दिंडी. चुन्यासाठी लागणारी चुनकळी आणायला एक जण बाहेर जातो, दुसरा आतून अडसरापाशी थांबतो. हे दोघे जिवलग. सरदार म्हणतो, सारखा अडसर घालण्या-काढण्यात वेळ जातो, काढूनच ठेवा. पहारेकरी काढून ठेवतो. मुके दिंडीपाशी येतात, सोबती अडकतो, त्याचा आवाज कायमचा जातो. दरबारात विचारतात, अडसर कुणी काढला? सरदार पहारेकऱ्याकडे बघतो. पहारेकरी म्हणतो, "त्यानेच." सोबत्याला भिंतीबाहेर काढतात. दुसऱ्या दिवशी बघतात तर भिंत हातभर उंच झालेली.

माऊली म्हणाला, ही भिंत राखेने वाढत नाही. कुणी खरं गिळलं की वाढते.

निनादराव म्हणून मी लिहिलं : 'पहारेकरी मला वाईट वाटत नाही. भ्याला तो. पण सरदाराचा लय राग आला.' मग 'लय' खोडून 'खूप' केलं. नागपूरचं भान ठेवावं लागतं.

उत्तर : 'सरदाराने फक्त बघितलं, निनादराव. तोंड पहारेकऱ्याचं होतं.'

वाद घालायला पोरगा हुशार आहे. कंपनीत याचं चीज झालं नाही.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. साबुदाणा चिकट झाला. चॅनलवर कुणी काही बोललं नाही म्हणून बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी

आज मी भांडले.

पहारेकऱ्याच्या भागाखाली लोकांनी नुसता धुरळा उडवलाय. गद्दार, नीच. एकाने लिहिलं, 'लेखकात दम असेल तर याने शेवटी त्याच भिंतीवरून उडी मारावी. दुसरा शेवट नाही.' त्याखाली माऊलीने लिहिलं होतं, 'बरोबर आहे. मलाही दुसरा रस्ता दिसत नाही.'

माझं डोकंच फिरलं. गोष्ट कळायला नको? पोळी तव्यावर ठेवून लिहायला बसले. पोळी करपली. लिहिलं ते इथे उतरवते, कारण मला ते चांगलं जमलं :

'कसली उडी? उडी मारल्याने त्या सोबत्याचा आवाज परत येणार का? उलट याचीही राख त्याच भिंतीला लिंपतील, म्हणजे भिंत आणखी जाड. तुम्हीच सांगितलं होतं, मुके म्हणजे बाहेर काढलेली माणसंच आहेत, ती भिंत फोडत नाहीत, दार चाचपतायत. मग पहारेकऱ्याने दार उघडून खाली जावं. सोबत्यासमोर उभं राहावं. तो मारेल, थुंकेल. मारू दे. मग दरबारात जाऊन खरं सांगावं, नोकरी गेली तर गेली. आणि दिग्दर्शकाने त्याला आई दिली नाही म्हणून त्याला आई नाही असं होत नाही. ती कुठेतरी ताट झाकून बसलीच असणार. तिला न विचारता उडी मारायचा त्याला काय अधिकार? जेवून घ्या.'

दिवसभर उत्तर नाही. फार बोलले की काय! पण विषयच तसा होता.

२३ फेब्रुवारी

माऊली बाहेर आला!

सकाळी, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. "आई, गाडीची चावी कुठाय?"

मुलाखतीला निघाला हे मी ओळखलं. विचारलं नाही, नजर लागते. हातावर दही दिलं. खाताना त्याचे डोळे भरून आले. दही जरा आंबट होतं.

हे म्हणाले, "तळेगावला आसंल, नायतर चाकण." मी देवापुढे साखर ठेवली.

दुपारी परत आला तो शर्टाचा खिसा फाटलेला, ओठ सुजलेला. म्हणाला, पडलो. मुलाखतीचं विचारलंच नाही. आत गेला, पण दार लोटलं, कडी लावली नाही.

२५ फेब्रुवारी

गंगी आली. अंगणात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"वैनी, तुमचा माऊली आलता वाडीवं. उंबऱ्यात बसला. हृतिकनं त्याला मारलं, डाव्या हातानं. ह्यो बसूनच ऱ्हायला."

"कशापायी मारलं?" मी ओरडलेच.

"तुमाला म्हाईतच न्हाई?" गंगीचा आवाज बसला होता. "जाळी सायबानं काढाय लावलती. काम बिगीनं व्हावं म्हून. माऊलीम्होरंच काढली. आन इचारल्यावं माऊली म्हनला, हृतिकनंच काढली. सायेब तितंच हुबा व्हता."

मला पाट शोधावा लागला बसायला. गंगीच मग शेजारी बसली.

"काल परत आलता. म्हनला, कंपनीत चल माज्यासंगं, समद्यांम्होरं सांगतो. हृतिक अजून बोलत न्हाई त्याच्याशी. पर जानार हायेत दोगं."

गंगी गेल्यावर मी चॅनल उघडून सगळं पुन्हा ऐकलं. सगळं तिथेच होतं. सरदार, अडसर, 'त्यानेच'. मी कांदे चिरत ऐकलं आणि जपान्यांची गोष्ट समजले. गंगीला बाजारात काय बोलून बसले तेही आठवलं. आमटीत मीठ किती पडलं ते आज सांगता येणार नाही.

आणि एक खुपतंय, ते लिहून टाकते. पोराने ऐकलं ते निनादरावांचं. मी आई असून मला जमलं नाही आणि त्या नागपूरच्या माणसाने चार ओळींत पोराला उठवून उभं केलं. तो माणूस मीच आहे हे कळतं मला. तरी वाईट वाटलं.

७ मार्च

कंपनीत सांगून आला. त्या साहेबासमोर, त्याच्या वरच्या साहेबासमोर आणि कामगारांसमोर. माऊलीला लगेच घरी पाठवलं, पुन्हा येऊ नको म्हणाले. लाइनवरची आणखी दोन पोरं मात्र बोलायला लागली, त्यामुळे कंपनीला चौकशी लावावी लागली.

ह्यांचा पारा चढला. "लागलेली नोकरी कुनी सोडतं का? साऱ्या गावात त्वांड वर करून सांगत व्हतो, पोरगा सुपरवायझर हाय म्हून. आन काय सांगू आता?"

माऊली म्हणाला, "जे झालं ते सांगा."

हे उठून गेले. तेव्हापासून माऊलीशी बोलत नाहीत. पोरगा बाहेर आला आणि बाप आत गेला. मी दोघांची ताटं शेजारी शेजारी मांडते, म्हणजे निदान आमटीचं भांडं तरी एकमेकांकडे सरकवावं लागतं.

१९ मार्च

पाडवा. गुढी उभारायला माऊलीने काठी धरली, ह्यांनी सुतळी बांधली. बोलणं : "वर." "आणखी?" "बास." मी यात समाधान मानलं.

नाष्ट्याच्या ऑर्डरी आता माऊली पोहोचवतो. परवा एका बंगल्यावर पाहुण्यांनी विचारलं, कुठे काम करता? म्हणाला, "आईकडे."

२९ मार्च

चौकशीत खरं निघालं. साहेबाला काढलं. हृतिकला कंपनीने परत घेतलं, स्टोअरमध्ये बसायचं काम, आणि हाताचा इलाज कंपनी करणार. माऊलीला घेतलं नाही. घेणारही नाहीत.

मला वाटलं हृतिक निदान आता तरी याच्यासाठी शब्द टाकेल. माऊलीला तसं म्हटलं.

"का टाकेल, आई?" तो म्हणाला.

खरंच, का टाकेल?

५ एप्रिल

वाडीवर गेलो होतो. मी, माऊली आणि न सांगता चपला घालून गाडीपाशी येऊन उभे राहिलेले हे. वाटेत ह्यांनी माऊलीला विचारलं, "मागचं टायर कवा बदलायचं?" महिन्याने पहिलं वाक्य. माऊलीने टायरवर एवढं बोलून घेतलं की चढण कधी संपली कळलं नाही.

मी रस्ताभर गंगीला काय म्हणायचं ते जुळवत होते. राखकोटावर पानंच्या पानं लिहिली मी, तटाचा अर्थ, राखेचा अर्थ, दिंडीचा अर्थ. गंगीच्या दारात पोहोचले तर एक वाक्य सरळ निघेना.

"गंगे, बाजारात मी..." एवढंच आलं.

"वैनी, च्या ठेवलाय," ती म्हणाली. "बसा. माज्या पोराच्या हातावं आज कुनी काय बोलायचं न्हाई. समदे आले की तेच बोलत्यात."

बसलो. हृतिक डाव्या हाताने कप आणून ठेवत होता. एक सांडला. हे उठायला लागले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आबा, मी पुसतो." त्याने पुसलं. माऊलीकडे बघितलं नाही, पण कप त्याच्यापुढेही ठेवला. बशीसकट.

मग माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "काकू, तुमी नागपूरला कवापास्नं?"

मी कप खाली ठेवला. हे नक्की कोमलचं काम, तिच्या पोटात काही राहत नाही. मी हृतिकचा दंड धरून कानात म्हटलं, "माऊलीला बोलू नको रे बाबा. त्याला पत्ता न्हाई. कळलं तर चॅनल बंद करंल."

हृतिक माऊलीकडे बघायला लागला. आल्यापासून पहिल्यांदाच. माऊली समोरच बसला होता, कपात खाली बघत. त्याचे खांदे हलत होते. ठसका लागला असणार.

"न्हाई सांगत," हृतिक म्हणाला, आणि तोही हसायला लागला. इतका, की गंगी चुलीपासून उठून बघायला आली.

देवाची कृपा, माऊलीला काही ऐकू गेलं नाही.